केझाया जागेवरून उठेना

फेब्रुवारीत आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा कार्यक्रम बसवावा तर मीच! मेम्फिसमधल्या आमच्या चर्चमध्ये हे सगळ्यांना मान्य आहे. ज्यांना नाही, त्यांना मी नाटकात झाड करते.

यंदा मुलांना आयडा बी. वेल्स शिकवायची होती. पुढे वर्तमानपत्रातून, गोऱ्या झुंडींनी केलेल्या काळ्यांच्या खुनांवर तुटून पडलेली ही बाई, त्याआधी आगगाडीत तिकीट असूनही काळी म्हणून जागा सोडायला सांगणाऱ्या कंडक्टरला कडकडून चावली होती! तोच प्रसंग मी निवडला. आयडा कोण? अर्थात माझी सात वर्षांची नात, केझाया!

पण पोरगी कमालीची आज्ञाधारक. तालमीत आमच्या चर्चचे कारभारी डीकन ओडेल कंडक्टरची टोपी घालून "ऊठ!" म्हणाले, की ही "हो काका" म्हणून उठायची. गाडी सुटायच्या आत नाटक खलास!

"अगं, तू तिकीट काढलंयस! कुणीही सांगितलं तरी उठायचं नाही."

"कुणीही, आजी?"

"पाद्रीबाबांनी सांगितलं तरी!"

महिनाभर घोकून घेतलं, तेव्हा कुठे तिच्या तोंडून 'नाही' निघालं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आगगाडीचा डबा म्हणून मी डावीकडचं पहिलं बाक ठरवलं. ते मदर ल्युव्हीनियाचं. आमच्या चर्चमधल्या त्या सर्वांत वडील. त्यांच्या बाकावर पाहुणासुद्धा टेकत नाही. पण त्या नाताळापासून अंथरुणावर होत्या. येतात कशाला!

आल्या! नाटकाच्या रविवारी, प्रवचन सुरू व्हायच्या आधी, जांभळी हॅट घालून, वॉकर टेकत. आणि नाटक नीट व्हावं म्हणून केझायाला मी आधीच तिथं बसवून ठेवलं होतं.

लोकांना जागा दाखवणारी पांढऱ्या हातमोज्यांची स्वयंसेविका वाकून कुजबुजली, "ऊठ गं बाळा."

"नाही! मी तिकीट काढलंय!"

झालं! लोकांना वाटलं, नाटक सुरू झालं. "आमेन!" "उठू नकोस गं पोरी!" "बस तिथंच, लेकी!" मी हात हलवून थांबवायला गेले, तर ऑर्गनवाल्याला वाटलं मी खूण करतेय. त्यानं झुकझुक सुरू केलं! डीकन ओडेल खरोखरच तिला उचलायला धावले. चावली! ते असे काही ओरडले, की टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि मदर ल्युव्हीनिया वॉकर धरून मधल्या वाटेत उभ्या होत्या. एवढ्या आजारातून उठून आल्या, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्या हळूच वळल्या आणि दारापाशी, संडासाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी केझायाला दंडाला धरून खेचलं आणि सगळ्यांदेखत माफी मागायला लावली.

"पण आजी, तूच म्हणालीस कुणीही…"

"तोंड वर करून बोलू नकोस! मोठ्यांनी सांगितलं की उठायचं!"

पुढच्या रविवारी मदर आपल्या बाकावर होत्या. केझाया भिंतीला टेकून उभी. मदरनी माझ्यावर बोट रोखलं.

"अर्नेस्टीन, या लेकराला माफी कुणी मागायला लावली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दगाबाज कुठले!

"तुमच्या जागेवर बसली होती ना, मदर…"

"राग आला होता मला, खोटं कशाला बोलू? पण एवढं लांबलचक बाक! मी तिच्या शेजारी बसले नसते का? मला कुणी विचारलंत? आयडा शिकवतेस ना तू? मग ती उठली नाही, तर तुला का झोंबलं?"

मदरनी बाकावर थोपटलं. "ये बाळा, बस माझ्याजवळ."

केझाया बाकापर्यंत गेली, थांबली आणि वळून मला म्हणाली, "आजी, बसू?"

डीकन ओडेलच्या अंगठ्याची पट्टी निघाली आहे. केझाया मात्र अजून जाईल तिथं आधी मलाच विचारते, "आजी, बसू?" आणि हे शिकवायला मला एकसुद्धा तालीम घ्यावी लागली नाही!