संपावर गेलेली शिडी

कुलाबा जिल्ह्यातल्या खारवेळे गावी वीज येणार, असं सरकारनं तीन वेळा जाहीर केलं होतं, त्यामुळे गावाचा त्यावर मुळीच विश्वास नव्हता. पण एकोणीसशे त्रेसष्टच्या माघात म्हसळ्याकडून खरोखरच खांब आले, तारा आल्या, टिपणीस नावाचे इंजिनियरसाहेब आले, आणि उद्घाटनाचा दिवससुद्धा उजाडला. दिघीच्या बाजूनं एक उपमंत्री मोटारीनं येणार होते आणि संध्याकाळी सहा वाजता मांडवातली कळ दाबणार होते. एका खांबावरचं काम तेवढं राहिलं होतं. हा खांब वेशीपाशी, मांडवापासून चाळीसेक पावलांवर. त्यावर सकाळी दहा वाजता कोंडाजी चढला. कागदोपत्री मात्र तो चढला नव्हता.

ही भानगड जरा समजून घ्यायला हवी.

वीज खात्यात तारवाले दोन प्रकारचे. युनियनचे आणि बिगर-युनियनचे. युनियनचे तारवाले कायम होते आणि शिडी त्यांच्या ताब्यात असे. बिगर-युनियनचे रोजंदारीवर होते. तीन वर्षांपूर्वी युनियननं मोठा लढा दिला होता. सतरा दिवस साखळी उपोषण चाललं. म्हणजे एकानं न्याहारीपासून जेवणापर्यंत उपाशी राहायचं, की जेवणानंतर दुसऱ्यानं बसायचं. शेवटी खातं नमलं आणि करार झाला, की विजेच्या खांबावर चढण्याचा हक्क यापुढे फक्त युनियनच्या सभासदाचा. गुलाल उधळला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सभासद हक्क बजावायला गेले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की खांब चांगलाच उंच असतो.

तेव्हापासून हक्क युनियनकडे आणि चढणं रोजंदारीवाल्यांकडे अशी वाटणी झाली. खारवेळ्याच्या कामावर युनियनचा शाखा-चिटणीस भागोजी होता. अंगानं भरलेला, तोंडानं गोड. कामाच्या कागदावर लिहायचं, 'खांबावर : भागोजी. खाली शिडी धरण्यास : कोंडाजी.' मग भागोजीनं खाली शिडी धरायची आणि कोंडाजीनं वर जायचं. शिडी मात्र भागोजी मनापासून धरायचा, खोटं कशाला बोला!

कोंडाजी आतल्या बाजूच्या भातशेतीच्या गावचा, चाळिशीला टेकलेला माणूस. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की रोजंदारीवाला कायम होत असे, आणि दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी टिपणीससाहेब त्याला मायेनं म्हणत, "कोंडाजी, दमलास रे. दोन दिवस घरी बस." अशी विश्रांती त्याच्या वाट्याला पाचदा आली होती. त्यानं भागोजीला विनवणी केली होती, "दादा, मला युनियनमदी तरी घ्या." भागोजी म्हणाला होता, "कायम हो, मग घेतो. आणि सगळेच सभासद झाले तर चढायचं कुणी, त्याचाही विचार कर."

तर त्या दिवशी दुपारी बाराच्या एस.टी.च्या कंडक्टरनं भागोजीच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी युनियनच्या जिल्हा कचेरीची होती. आज बारा वाजल्यापासून बेमुदत संप. मागणी एकच : बिगर-युनियन माणसं खांबांवर चढतात, हे सभासदांच्या हक्कावरचं अतिक्रमण तात्काळ थांबलं पाहिजे. संपकाळात युनियनच्या ताब्यातली हत्यारं जमा करावीत.

वरचं काम आटोपून कोंडाजी उतरायच्या बेतात होता. भागोजीनं ती चिठ्ठी मान वर करून त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. वाचताना त्याचा आवाज भरून आला. मग त्यानं शिडीला हात घातला.

"दादा, थांबा!" कोंडाजी वरून ओरडला. "मी उतरतो, मग न्या शिडी!"

भागोजीनं घड्याळ बघितलं. "बारा वाजून चार मिनिटं झाली कोंडाजी. शिडी चार मिनिटांपूर्वीच संपावर गेली. आता तू तिच्यावर पाय ठेवलास तर तिला संप फोडायला लावल्यासारखं होईल."

"मग मी उतरू कसा?"

"हा प्रश्न आम्ही वरच्या पातळीवर नेऊ," भागोजी म्हणाला, आणि पक्कड तेवढी दोरानं खाली सोडायला सांगितली. कोंडाजीनं सोडली. सांगितलेलं करायची सवय होती. दोर युनियनचा असल्यामुळे तोही गेला.

संपावर जाणाऱ्या माणसानं हातातलं काम पुरं करावं, अशी भागोजीची शिकवण. कळ दाबण्याआधी खांबावरचा माणूस खाली आल्याचं लेखी लागतं. ते त्यानं लिहून साहेबांकडे दिलं : 'मी खांबावरून खाली उतरलो आहे. खांबावर कोणीही नाही. वीज सोडण्यास हरकत नाही.' खाली सही. कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. कागदोपत्री वर गेलेला एकच माणूस भागोजी, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

कोंडाजी घसरत उतरला असता. पण उपमंत्र्यांसाठी खांबाला सकाळीच चंदेरी रंग दिला होता, तो ओला होता. आणि पोरं चढू नयेत म्हणून पुरुषभर उंचीवर काटेरी तार गुंडाळलेली होती. तारांच्या मधोमध लोखंडी पट्टीवर दोन पावलं टेकतील एवढीच जागा. तिथे तो खांबाला मिठी मारून उभा राहिला. सहा वाजता या तारांतून वीज जाणार, हे त्याच्याइतकं गावात कुणालाच नीट कळत नव्हतं.

एक वाजता त्याची बायको ठमाबाई भाकरी घेऊन आली. ती त्याच कामावर खांबांच्या खड्ड्यांसाठी दगड वाहायची. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, आणि तशीच साहेबांच्या तंबूत शिरली.

"सायेब, माझा मानूस वर अडकलाय. शिडी द्या."

टिपणीससाहेबांनी कागद काढला. चष्मा लावला. "बाई, तुमचा नवरा खाली आहे."

"कुटं खाली? डोळं हायेत ना? वर बगा की!"

"मी पाहून काय उपयोग? कागद काय म्हणतो ते महत्त्वाचं. खाली, शिडी धरण्यास : कोंडाजी. खाली असलेल्या माणसाला खाली आणण्याची तरतूद नाही." पण साहेब माणुसकीचे होते. ते तंबूबाहेर आले आणि हजेरीबुक उघडून म्हणाले, "खात्री करून घेऊ. कोंडाजी!"

"हाय सायेब!" वरून आवाज आला.

"बघा. हजर आहे. वर असता तर गैरहजर लागला असता." त्यांनी टिपण केलं आणि जाता जाता वर ओरडले, "अरे, रंगाला हात लावू नकोस!"

ठमाबाई मग करमअलीकडे गेली. करमअली गावातला मोठा दुकानदार, नारळीची वाडी असलेला आणि स्वागत समितीचा अध्यक्ष. नारळ उतरवायची लांब शिडी त्याच्या पडवीत आडवी पडलेली होती.

"बाय, शिडी तुमचीच समजा," करमअली कळवळून म्हणाला. "पन साहेब बोलतो, खाजगी शिडी सरकारी खांबाला लावली तर म्हसळ्याहून परवानगी पायजे. आनि भागोजी बोलतो, जो शिडी लावील तो संप फोडनारा. उद्या लाइट पलीकडच्या गावाला गेली म्हंजे? मी नवा रेडिओ घेऊन बसलोय. लोक मला काय बोलतील?"

"आनि माझा मानूस मेला तर?"

"या अल्ला! असं अभद्र बोलू नका. आज शुभ दिवस हाय."

गावकरी आळीपाळीनं येऊन खांबाखाली उभे राहिले आणि हळहळले. कुणी म्हणालं, बिचारा. कुणी म्हणालं, पण चढलाच कशाला? कुणी म्हणालं, सहाला अजून अवकाश आहे, निघेल काहीतरी मार्ग. एवढं बोलून सगळे घरी गेले आणि नवे बल्ब फडक्यानं पुसून ठेवू लागले. ठमाबाई मांडवात जाऊन कळीपाशीच ठाण मांडणार होती, पण मांडवात निमंत्रितांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता. दोन स्वयंसेवकांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

संपकरी भागोजी खांबापासून दहा हातांवर शिडीवर बसून घोषणा देत होता. "बिगर-युनियन माणसाला खाली खेचा!"

"खेचा ना दादा!" वरून कोंडाजी कळवळून म्हणाला. "खेचाच!"

"तू मध्ये बोलू नकोस. हे तत्त्वाचं आहे."

पावणेसहाला ताशे वाजले. उपमंत्री आले. मोटारीतून उतरताच त्यांची नजर खांबावर गेली. वर एक माणूस दोन्ही हात हलवून जिवाच्या आकांतानं ओरडत होता, आणि ताशांत त्याचं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

"हे कोण?"

टिपणीससाहेब पुढे सरसावले. "आपल्या स्वागतासाठी आहेत, साहेब."

उपमंत्री गहिवरले. त्यांनी उलट हात हलवला, आणि भाषणात सांगितलं की एवढ्या उंचीवरून मिळालेला मान आपण आयुष्यात विसरणार नाही.

आता कोंडाजीच्या ध्यानात आलं की आपल्याला खाली आणणारं या पृथ्वीवर कुणी नाही. तारवाल्यांची एक जुनी चाल आहे. कागदावर कितीही सह्या झाल्या तरी शहाणा तारवाला तारांवर लोखंडी साखळी आडवी टाकतो नि तिचं टोक लोखंडी खांबाला बांधतो. चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. युनियनवाल्यांना ही साखळी खात्याकडून मिळे. कोंडाजी कागदावर नेहमी खालीच असल्यामुळे त्याला ती मिळत नव्हती. म्हणून तो मचव्याच्या नांगराची एक गंजलेली साखळी कमरेला गुंडाळून हिंडायचा. त्यानं ती सोडली, तारांवर टाकली, टोक खांबाला आवळलं, कुलदैवताचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

भाषणात सहाचे सात वाजले, अंधार पडला, आणि उपमंत्र्यांनी कळ दाबली.

खारवेळे उजळलं. बायकांनी हात जोडले, म्हाताऱ्यांनी डोळे चोळले. त्याच घटकेला खांबावर निळा लोळ उठला, धाडकन आवाज झाला आणि गाव काळंठिक्कर पडलं. कोंडाजीच्या भुवया जळाल्या. बाकी तो शाबूत होता.

आणि मग काय सांगावं महाराजा! दोन मिनिटांच्या आत खांबाला सात शिड्या लागल्या. पहिली करमअलीची. परवानगीचं नाव कुणी काढलं नाही. भागोजीनं जनतेच्या हितासाठी संप अर्धा तास तहकूब केल्याचं जाहीर केलं आणि युनियनची शिडी स्वतः खांद्यावरून धावत आणली. साहेबांनी रंगाची पर्वा केली नाही. सगळा मांडव खांबाखाली लोटला आणि एकच गिल्ला झाला :

"अरे लाइट का गेली? ए वरच्या! झोपलास काय?"

कोंडाजी एका शिडीवरून उतरला आणि त्यानं जमिनीवर बसकण मारली.

"बसतोस काय?" टिपणीससाहेब खेकसले. "वर जा. साखळी काढ."

"मी कसा जानार सायेब? हक्क भागोजीदादांचा हाय."

सगळ्यांनी भागोजीकडे बघितलं. भागोजीनं खांबाकडे बघितलं. तो पहिली पायरी चढला, दुसरी चढला, आणि तिसरीवर त्याला आठवलं की संपातली सवलत फक्त शिडीपुरती आहे, सभासदांना नाही.

मग गाव कोंडाजीवर उलटलं. "अरे, पाहुणे अंधारात उभे आहेत! गावाची अब्रू जाते! एवढ्याशा कामाला किती भाव खाशील?" करमअलीसुद्धा म्हणाला, "कोंडाजी, मानुसकी ठेव रे."

कोंडाजी उठला. त्याला राग आला होता, रडूही येत होतं. पण चढण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. तेवढ्यात मोकळ्या मांडवातून ठमाबाईची हाक आली. ती कळीला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"जावा तुमी वर! खाली येऊन मला हाक मारा, तवर हितं बरमदेव आला तरी हात लावू देनार न्हाय!"

"बाई, तुम्ही कोण? तुमची नेमणूक कुणी केली?" साहेबांनी विचारलं.

"कुनी न्हाय. म्हनून मला कुनी काढू शकत न्हाय."

कोंडाजी चढला, साखळी काढली, उतरला आणि हाक मारली. साहेबांनी नवा फ्यूज घातला, ठमाबाईनं हात काढला, आणि दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक बल्बांकडे बघत होते. नवराबायको अंधाऱ्या बाजूनं चालत बिऱ्हाडाकडे निघून गेली, ते कुणी बघितलं नाही.

अहवालात नोंद झाली की श्री. भागोजी यांनी संप चालू असतानाही तत्परतेने खांबावर चढून बिघाड दूर केला. कोंडाजीची हजेरी दुपारपासून खोडण्यात आली. तो शिडी धरण्याच्या कामावर होता, आणि शिडीच कामावर नव्हती. त्यामुळे सलग दिवस तुटले, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्या दिवसावर आला.

आता तुम्ही म्हणाल, काय ती खारवेळ्याची माणसं! जिवंत माणूस वर टांगलेला, आणि ही बल्ब पुसतात! तुम्ही तसे नव्हेच. तुम्ही भले लोक, वाचणारे, विचार करणारे. हे वाचतानाही डोक्यावर दिवा असेल. समजा, या ओळीवर आला असताना तो गेला, तर तोंडून पहिली काय निघेल, हळहळ की शिवी? उगाच मला सांगू नका. तारवाला खांबावर असतो, आणि वर सगळं ऐकू येतं.