उत्तर बुरुजाचा फेरफार

सोलापुरात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तुम्ही अण्णांच्या तावडीत सापडलात, तर सुटका नाही. ते तुम्हाला बाकड्यावर बसवतील आणि विचारतील, "किल्ल्याचा उत्तर बुरूज कुणी बांधला, सांगा की."

किल्ला इथला नव्हे. आपला भुईकोट अण्णांनी आतून पाहिलाय का, शंकाच आहे. हा किल्ला चेक देशातला, रेनेसाँ काळातला, शेकडो वर्षांचा. अण्णांचा राजू तिकडे नोकरीला आहे आणि त्याच्या खिडकीतून तो दिसतो.

अण्णा मोहोळ तालुक्यात तलाठी होते. उभी नोकरी सातबाऱ्यात गेलेल्या माणसाने युरोपचा इतिहास सांगायचा, म्हणजे तो असा: मूळ मालक एक सरदार. त्याने इटलीहून गवंडी आणून चौकाभोवती तीन मजली कमानी उठवल्या आणि त्यातच बुडाला. किल्ला गेला मेव्हण्याच्या घशात. मेव्हण्याने उत्तर बुरूज बांधला. पुढे दोन सुनांची भांडणं, वाटण्या, खंदकाची मोजणी. मग एका दारूभट्टीवाल्याने तो विकत घेतला, कमानींखाली पिंपं रचली. शेवटी सरकारजमा. मालक बदलला रे बदलला, की अण्णा मांडीवर थाप मारून म्हणणार, "झाला फेरफार!"

मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर इतिहास शिकवला, एकाही पोराच्या लक्षात राहिला नाही. अण्णांनी मला दोन महिन्यांत तयार केलं. मेथी निवडता निवडता मी बायकोला कमानी समजावू लागलो. ती म्हणाली, आधी आपल्या बाथरूमची गळती बघा.

एका रविवारी अण्णांकडे चहाला गेलो असताना राजूचा व्हिडिओ कॉल आला. अण्णांनी तब्येत विचारली. तो म्हणाला, बरी आहे. जेवलास का? जेवलो. दिवाळीला येतोस का? बघू. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "काय रं, उत्तर बुरूज त्या दारूभट्टीवाल्यानंच बांधला न्हवं का?"

माझ्यातला मास्तर उसळला. "अहो, मेव्हण्यानं! परवा तुम्हीच तर सांगितलंत."

राजू हसला. काकांचं बरोबर आहे म्हणाला, आणि ठेवतो म्हणून त्याने ठेवलासुद्धा.

मी शाबासकीच्या आशेने अण्णांकडे पाहिलं. ते बंद मोबाइल सदऱ्याला पुसत होते.

"मास्तर, मला म्हाईत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "मी चुकलो की पोरगं समजावून सांगतंय. खिडकीत जातंय, बुरूज दावतंय. अर्धा-अर्धा तास बोलतंय. एरवी बापाशी काय बोलावं, त्याला सुचत न्हाई."

लोकांच्या चुका दुरुस्त करून मी संसार चालवला, पेन्शनही त्याचीच खातो. पण त्या दिवशी अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा तसाच ठेवून घरी आलो.

पुढच्या रविवारी मुद्दाम जाऊन बसलो. बापलेकांचं बोलणं पुन्हा 'बघू'पाशी येऊन अडलं, तसं मी मोबाइलपुढे डोकं घातलं आणि विचारलं, "काय राजू, तुमच्या किल्ल्याच्या कमानी इंग्रजांनीच बांधल्या ना?"

"काहीतरीच काय, काका," म्हणत राजू खुर्चीतून उठला. "थांबा, दाखवतो."

पडद्यावर खिडकी आली, खिडकीत किल्ला आला.

"मला बी इंग्रजच वाटतेत," अण्णा म्हणाले, आणि शेंगदाण्याची बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली.