सहा हजार सातशे ऐंशीचं 'हं'

टाचणीमावशींना सगळं आठवायचं. सगळं म्हणजे अगदी सगळं! चाळीस वर्षांत शिवलेल्या एकूण एक कपड्याचं माप त्यांच्या डोक्यात होतं. वही नाही, चिठ्ठी नाही. "डॉक्टरीणबाईंचा गळा साडेसहा, त्यांच्या आईचा सात, आणि दोघींचा आवाज बारा!" असं त्या झोपेतून उठवलं तरी सांगायच्या. गल्लीत कोणाचं भांडण जुन्या तारखेवर अडलं, की निवाडा मावशींच्या शिवणयंत्रापाशी व्हायचा.

नावात टाचणी आली ती तोंडामुळे. बोलण्यामुळे नव्हे, तसं म्हणणारेही होते म्हणा! काम करताना त्यांच्या ओठांत कायम सात टाचण्या असत. तोंड असं कुलूपबंद, तेव्हा दिवसभर सगळा कारभार एकाच शब्दावर: 'हं'. पण त्या 'हं'च्याही जाती होत्या. आखूड 'हं' म्हणजे ऐकलं. लांब 'हंऽऽ' म्हणजे हे मला आधीच ठाऊक होतं. नाकातलं 'हं' म्हणजे गप बस. आणि नुसतं 'हं' म्हणजे काहीच नाही, कापड सरळ धरलंय एवढंच. हा शब्दकोश घरात सगळ्यांना पाठ होता. बाहेर कोणालाच नव्हता, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

झालं होतं असं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी दोनशे गणवेशांचं काम मावशींना देऊ केलं. अट एकच, महिनाअखेरीपर्यंत मोठं यंत्र बसलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर काम समोरच्या काचवाल्या दुकानाला. त्या दुकानात मापं मशीन घेतं, माणूस नाही. मावशींच्या दृष्टीने ते दुकान नव्हतंच, ते वजनकाटा होतं.

यंत्राला कर्ज हवं, आणि कर्जाला पत. मावशींची पत मधे एकदा उसवली होती. नवऱ्याच्या आजारपणात हप्ते चुकले. नवरा गेला, त्याच्या पाठोपाठ पतही गेली. नवरा काही परत येणार नव्हता, पण पत आणायचीच, असं मावशींनी ठरवलं. घरात चांगली इस्त्री असताना दुसऱ्या इस्त्रीसाठी इवलंसं कर्ज काढलं, निव्वळ फेडून दाखवायला! ते फेडलं, मग पंख्यासाठी काढलं. तीन वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता त्या तीन तारखेला भरून यायच्या.

"मावशी, कमाल आहे तुमची!" बँकेतल्या कर्जबाई म्हणाल्या. "पत अगदी छान सावरलीय. फक्त एक डाग आहे."

"डाग? चहाचा असेल तर लिंबू चोळा."

"विजेच्या बिलाचा आहे. जिन्याखालचं तुमचं जुनं दुकान. अकरा वर्षांपूर्वीची थकबाकी."

"थकबाकी आणि माझी?" मावशी ताठ झाल्या. "मला सगळं आठवतं. मी एक बिल चुकवलेलं नाही!"

"असेल हो. पण पंधरा दिवसांत थकबाकी नसल्याचा दाखला आणा. नाहीतर यंत्र विसरा."

"विसरणं मला जमत नाही," असं सुनावून मावशी घरी आल्या आणि पोस्टमनच्या पॅन्टची शिवण टाचायला बसल्या. तोंडात सात टाचण्या. तेवढ्यात फोन वाजला. मावशींनी तो खांद्यात धरला.

"वीज कचेरीतून बोलतोय. जुन्या दुकानाच्या थकबाकीबद्दल. ती आपल्याला मान्य आहे ना?"

मावशींना म्हणायचं होतं, गप बस, उद्या तिथे येऊनच दाखवते.

"हं!"

"आभारी आहोत!" फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मावशी सुनेला आणि पावत्यांच्या पिशवीला घेऊन कचेरीत हजर! तीन नंबरच्या खिडकीत एक बारीक कारकून होता. छाती बत्तीस, मावशींनी मनातल्या मनात मोजली.

"ह्या बघा बावीस वर्षांच्या पावत्या. दुकान सोडलं त्या दिवसापर्यंतचं बिल भरलंय. मंगळवार होता. शेजारच्या घड्याळजीला उचकी लागली होती."

"मावशी, हे बिल त्यानंतरचं आहे. दुकान सोडलंत, पण मीटर तुमच्याच नावावर चालू राहिलं. आठ महिने. वापर शून्य, पण महिन्याचा आकार लागतोच. त्यावर दंड. दंडावर व्याज. व्याजावर..."

"अरे, हिशोब करतोयस की गाठीवर गाठ मारतोयस?"

"सहा हजार सातशे ऐंशी."

"मला मान्य नाही!"

"पण काल तर मान्य केलंत." कारकुनाने एक बटण दाबलं. सगळ्या कचेरीत मावशींचा आवाज घुमला, "हं!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"ही मी नव्हेच!"

"तुम्हीच आहात, आई," सून कानात पुटपुटली. "नाकातलं आहे."

आता दुसरी कोणी असती तर खाली मान घालून घरी गेली असती. पण मावशींची नजर काचेच्या खोलीतून बाहेर आलेल्या एका जाड्या साहेबावर पडली आणि त्यांचे डोळे चमकले.

"थांब! तिथेच उभा राहा! डावा खांदा अर्धा इंच खाली! तू माझ्याकडे मीटर बघायला यायचास. निळा सदरा, आखूड बाह्या. तेव्हा कंबर तीस होती रे तुझी, हे काय करून ठेवलंस?"

साहेबांनी घाईघाईने पोट आत घेतलं. "अरे, टाचणीमावशी!"

"बघा!" मावशी साऱ्या रांगेकडे वळल्या. "हा माझा साक्षीदार! मी दुकान सोडलं त्या दिवशी हा तिथे होता. सांग रे, मी कधी कोणाचं बुडवलंय का?"

"छे, मावशी! तुम्ही आणि बुडवणार?"

"ऐकलं?" मावशींनी कारकुनाला दम भरला. "आता त्या दिवशी काय झालं ते सांग. खरंखरं सांग. काही गाळू नकोस."

"त्या दिवशी तुम्ही माझा सदरा टाचत होतात."

"उजव्या बगलेत!"

"हो. आणि मी विचारलं, मावशी, दुकान सोडताय, मग मीटर बंद करायचा अर्ज लिहून देता की चालूच राहू दे? तुम्ही बोललाच नाहीत. म्हणून मी परत विचारलं, चालूच राहू दे ना?"

"मग?" मावशी विजयी मुद्रेने म्हणाल्या. "मी काय म्हटलं?"

साहेब घुटमळले. "तुम्ही म्हणालात... हं."

सुनेने मावशींच्या दंडाला चिमटा काढला. "आठवत नाही म्हणा, आई! नुसतं तेवढं म्हणा!"

पण पंचाईत हीच होती, की मावशींना आठवलं. नुसतं आठवलं नाही, चित्रासारखं दिसलं. घड्याळजीची उचकी, बगलेतली सुरकुती, ओठांतल्या सात टाचण्या. चाळीस वर्षं जिच्या जोरावर मिरवल्या, ती आठवण ऐन वेळी फितूर झाली होती! ती खोटी ठरवायची तर सगळ्या गल्लीची मापं खोटी ठरली असती.

"म्हणाले होते," मावशी म्हणाल्या. "नुसतं 'हं' होतं ते. तुझी बाही सरळ धरली होती मी."

साहेब विरघळले. "मावशी, तडजोड करू. निम्मे भरा. बाकीचे आम्ही सोडून देतो. कागदावर लिहू, 'तडजोडीने मिटवले'."

सुनेचा चेहरा उजळला. कारकुनाचाही उजळला, कारण रांग दारापर्यंत गेली होती.

"आणि ते बँकेत तसंच दिसणार? 'तडजोडीने'?"

"दिसणार. पण चालतं हो, पुष्कळजण करतात."

"पुष्कळजण ठिगळ लावतात. मी लावते का?" मावशींनी पिशवीतून एक पुरचुंडी काढली. नव्या चष्म्याचे पैसे होते ते. "मी तुला कधी एका बाहीचा सदरा दिला होता? पूर्ण घे. आणि कागदावर 'पूर्ण' हा शब्द मोठ्या अक्षरात लिही. जुन्या चष्म्यातून मला लहान दिसत नाही."

सहा हजार सातशे ऐंशी मोजले गेले. दाखला मिळाला. मावशींनी तो उलटा करून पाहिला, शिवण तपासतात तसा. बाहेर पडताना रखवालदाराला दाखवला, त्याने न मागता. वाटेत फळवाल्याला दाखवला. कर्जबाईंसमोर तर असा ठेवला, की त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"आता आहे का डाग?"

"नाही, मावशी. आता पत अगदी कोरी करकरीत!"

महिनाअखेरीच्या तीन दिवस आधी यंत्र आलं. बसवायला चार माणसं लागली. मुख्याध्यापिकाबाई पाहून गेल्या. काचवाल्या दुकानाचा मालकही काहीतरी निमित्त काढून दोनदा डोकावला, आणि दोन्ही वेळा मावशींनी यंत्र गरज नसताना चालवून दाखवलं.

त्याच दिवशी मावशींनी भीष्मप्रतिज्ञा केली, यापुढे तोंडात टाचणी धरायची नाही! मनगटाला टाचण्यांची गादी बांधली. फोन मोकळ्या तोंडाने घ्यायचा, बोलायचं ते स्पष्ट बोलायचं.

आणि मावशी स्पष्ट बोलायला लागल्या. फोन नसतानाही.

"लग्नात अठ्ठावीस होतीस गं! मधे काय झालं?" हे पहिल्या दिवशी. "तुझ्या सासूचं पोट असंच सुरू झालं होतं," हे दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई अर्धवट टाचलेल्या झग्यानिशी तरातरा निघून गेल्या. चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई स्वतःचं माप द्यायला येणार होत्या.

सकाळीच सून टाचण्यांची डबी घेऊन मावशींसमोर उभी राहिली. मोजून सात टाचण्या काढल्या.

"आई, घ्या तोंडात. गणवेश वाचले पाहिजेत. फोन यापुढे मी घेत जाईन. आणि तुम्ही तोंड उघडायचं ते फक्त सही लागणाऱ्या कामात. कबूल?"

मावशींनी सुनेकडे पाहिलं, टाचण्यांकडे पाहिलं. मग निमूटपणे एकेक करून सातही ओठांत धरल्या.

"हं."