सासरेबुवांची बोथट कोरणी

पितळ, तांबं, चांदी, पोलाद... तुम्ही फक्त धातू आणा, हवं ते कोरून देतो! अंगठीच्या आतल्या बाजूला दोघांची नावं, मध्ये बदाम आणि बदामातून आरपार बाण, एवढं सगळं मी शिंक आलेली असतानाही कोरून दाखवीन!

आमच्या दुकानात कारागीर तिघे. एक उस्ताद, ज्यांनी आम्हाला कोरणी धरायला शिकवली. दुसरा कंपास, जो चहाचा कपसुद्धा टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवतो. तिसरा मी. आणि आमच्या डोक्यावर मालकीणबाई.

जेवणाच्या सुट्टीत आमची करमणूक एकच. मोबाइलवर ‘घरबसल्या धातूवर कोरीवकाम’ शिकवणारे व्हिडिओ लावायचे आणि ठसका लागेपर्यंत त्यांची सालटी काढायची! कुणी खिळ्याने चांदी कोरतो, कुणी पत्रा मऊ व्हावा म्हणून रात्रभर पाण्यात भिजत घालतो. पत्रा आहे की चादर?

एका दुपारी कंपास ओरडतच आला, “अरे, खजिना सापडलाय!”

व्हिडिओत तोंड दिसत नव्हतं. नुसते हात, मांडी आणि आवाज. “मित्रांनो, कोरणीला धार लावू नका. बोथट कोरणी सुरक्षित! पत्रा सरळ मांडीवर घ्या. आधी टूथपेस्ट चोळा, म्हणजे धातू ढिला पडतो. आणि हात घसरला तर घाबरू नका. त्याला डिझाइन म्हणा!”

उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बोथट सुरक्षित! मग बोथट वस्तऱ्याने दाढी करून दाखव म्हणावं!”

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने हसलो. कारण तो आवाज माझ्या सासऱ्यांचा होता! मांडीवरचा चौकड्यांचा पायजमा तर मीच त्यांना भेट दिला होता! पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते खोलीचं दार लावून ‘एक काम’ करत होते, ते हे!

कंपासने व्हिडिओखाली लगेच ‘छिन्नीसम्राट’ नावाने लिहिलं, “काका, त्या पत्र्याने तुमचं काय घोडं मारलंय?”

संध्याकाळी सासरेबुवा आमच्या घरी हजर. चेहरा विस्तवासारखा.

“जावईबापू, तुम्ही या धंद्यातले. हा छिन्नीसम्राट कोण?”

“असेल कुणीतरी रिकामटेकडा,” मी म्हणालो.

“बाबा, त्यापेक्षा तुम्ही यांच्या दुकानातच जा ना,” बायको म्हणाली. “तिथले कारागीरच सांगतील कोण बरोबर ते.”

मी तिला डोळ्यांनी खुणावलं.

“डोळ्यात काही गेलंय का हो तुमच्या?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सासरे मोबाइलचा स्टँड खांद्यावर टाकून, लढाईला निघाल्यासारखे दुकानात शिरले. मी कुणालाच काही बोललो नव्हतो. रात्रीत आपल्याला ताप येईल, अशी एक आशा होती. ताप काही आला नाही!

त्यांनी “नमस्कार” म्हणताच कंपास माझ्या कानात कुजबुजला, “टूथपेस्टवाले काका! आज सोडायचं नाही!” उस्तादांनी बाह्या वर केल्या. मी एक करंडक उचलला आणि त्यात जवळजवळ तोंड घालून पुसत बसलो. मालकीणबाई फुकटची जाहिरात म्हणून खूश. शूटिंगला परवानगी मिळाली.

कॅमेरा सुरू झाला आणि सासऱ्यांनी आधी उस्तादांनाच गाठलं.

“उस्ताद, बोथट कोरणी सुरक्षित की नाही?”

आता फाडतात, असं वाटलं. पण कॅमेरा समोर येताच उस्ताद ताठ बसले. केस सारखे केले. घसा खाकरला. “सुरक्षितता... ही... अत्यंत महत्त्वाची आहे.”

“ऐकलंत मित्रांनो! आणि टूथपेस्टबद्दल आपलं मत?”

कॅमेरा आता कंपासवर. “टूथपेस्टने... चमक येते.”

“वा!” म्हणत सासऱ्यांनी समोरचा लाकडी ठोकळा उचलून मांडीवर घेतला. त्यावर, कोरताना हलू नये म्हणून राळेत घट्ट बसवलेली, दातांच्या डॉक्टरांची पितळी पाटी होती. फक्त शेवटची ओळ बाकी. संध्याकाळी न्यायला येणार होते. सासऱ्यांनी खिशातून स्वतःची बोथट कोरणी काढली. “आता प्रात्यक्षिक!”

कुणीतरी थांबवायला हवं होतं. पण कॅमेरा चालू! मालकीणबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच गोठलं.

सर्रर्र!

डॉक्टरांच्या नावापासून थेट ‘दंतवैद्य’च्या शेवटपर्यंत, दरीसारखा एक चरा!

सासऱ्यांनी शांतपणे कॅमेरा माझ्याकडे वळवला. “हे माझे जावई! सांगा जावईबापू, याला काय म्हणायचं?”

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. कंपासने पाहिलं. मालकीणबाईंनी तर असं पाहिलं की हातातला करंडक वितळला असता!

“डिझाइन,” मी म्हणालो.

कॅमेरा बंद होताच सगळ्यांना कंठ फुटला. मालकीणबाई काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही! मग आम्ही राळ तापवून पाटी सोडवली, उलटी केली, मागची बाजू घासून लख्ख केली आणि तिघांनी मिळून सगळी अक्षरं नव्याने कोरली. मान वर केली नाही. चहा गार झाला, तसाच राहिला. सासरे आधी शूटिंग करत होते, मग हळूहळू नुसतेच बघत राहिले. डॉक्टर पाटी घेऊन खुशीत गेले, तेव्हा कुठे ते हळूच म्हणाले, “धारेची कोरणी लोण्यातून गेल्यासारखी जाते हो!”

मला भरून आलं. म्हटलं, चला, माणूस सुधारला!

आठवड्याने व्हिडिओ आला. ‘तज्ज्ञ कारागिरांनीही केलं मान्य!’ सुरुवातीला उस्ताद, मग कंपास. मग त्या चऱ्याचं मोठं दृश्य, पण कोरणारे हात दृश्यातून कापलेले! आणि चऱ्याला लागूनच माझा चेहरा. “डिझाइन.” आमची दुपारभरची मेहनत शेवटी चार क्षणांत, बासरीच्या सुरांवर भुर्रकन!

“बघा, बाबांनी किती सांभाळून घेतलं तुम्हाला,” बायको कौतुकाने म्हणाली. “तुमच्या तोंडाखाली लिहिलंय, ‘जावई. अजून शिकत आहेत.’”

परवा एक बाई आईची जुनी बांगडी घेऊन आल्या. चष्मा घरी राहिलेला, म्हणून आम्हा तिघांकडे डोळे बारीक करून बघत त्यांनी उस्तादांना विचारलं, “ते व्हिडिओतले जावई यांतले कोण हो? नाही, म्हणजे बांगडी त्यांच्या हातात देऊ नका.”

“छे हो! त्यांना आम्ही फक्त पुसायला देतो,” उस्ताद म्हणाले.

मी बांगडी पुसून दिली. बाई म्हणाल्या, पुसता मात्र छान!