दानेलमामांची प्रार्थना आणि माझी मोटर

दानेलमामा प्रार्थनेसाठी डोळे मिटतात, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतले बाकीचे आपले हळूच उघडतात. आज कोणाची पाळी आहे, ते बघायला.

कारण मामा माणसांशी भांडत नाहीत. ते थेट वर कळवतात. दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. शेवटची प्रार्थना वडीलधारे म्हणून मामांकडे येते आणि मामा हात जोडून सुरू करतात, "हे स्वर्गीय बापा, तुला समदं ठावं हाय. आज ज्या भगिनीनं च्या दिला, तिच्या घरी साखरंची टंचाई हाय का मायेची, ते तूच जानतोस. तिला क्षमा कर." प्रार्थना चालू असताना मध्ये बोलता येत नाही आणि संपली की 'आमेन' म्हणावंच लागतं. देवळालीत आमच्यापैकी प्रत्येकाने आपापल्या गुन्ह्याला असं आमेन म्हटलेलं आहे.

मामा एका शाळेच्या बोर्डिंगवर जन्मभर वॉचमन होते. नोकरी सुटली, पण राखण सुटली नाही. कुणी वाकून सलाम केला की ते थबकतात. नाताळच्या केकचा तुकडा मोठा आला की डोळे बारीक करून म्हणतात, "ह्यात गोम हाय." लहान आला तरी गोम असतेच. मार्थामामी होत्या तोवर त्या पदराआड हसायच्या आणि मामांची प्रार्थना फार वाहवली की कोपराने ढोसायच्या. त्या गेल्या आणि प्रार्थना लांबत गेल्या.

माझं घर त्यांच्या भिंतीला लागून. माझा गुन्हा म्हणजे मोटर. पहाटे नळ येतो, हौद भरला की मी पाणी वरच्या टाकीत चढवते आणि ती मोटर भयंकर ओरडते, हे मलाही मान्य आहे. "बापा," मामा म्हणायचे, "आमच्या बाईंची मोटर तुझ्या सिंहासनापत्तूर ऐकू येत आसंल."

यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, तेव्हा पाळकसाहेबांनी अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांवर उपदेश केला. वरून मान्ना ही देवाची भाकर पडत होती, तरी त्यांना मागे सोडलेल्या मिसर देशातले कांदे आणि काकड्या आठवत होत्या. सगळी मंडळी मामांकडे बघत होती आणि मामा मागे वळून बघत होते, की हे नेमकं कोणाबद्दल चाललंय. संध्याकाळी पाळकसाहेब त्यांच्या घरी गेले. भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू आलं.

"मामा, लोक मटण सोडतात. तुम्ही ईस्टरपर्यंत तक्रार सोडून बघा. प्रार्थनेत फक्त उपकार माना."

मामांची खाट करकरली. मग, "पाळकसायेब, ह्यात गोम तर न्हाई ना?"

"नाही."

"मंग सोडली."

पुढच्या गुरुवारी मामांनी डोळे मिटले. "हे बापा, पातळ च्याबद्दल उपकार. ढोलकीवाला भाऊ ताल सोडून वाजवतो, पन वाजवतो, उपकार. बाईंच्या मोटरीबद्दल तुझे लई लई उपकार." मी डोळे उघडले, तर समोर पाळकीणबाईंचेही उघडे. आम्ही दोघींनी माना हलवल्या. गोम होती.

मंडळीत तर्क सुरू झाले. मामा चर्चच्या पंचकमिटीच्या निवडणुकीला उभे राहणार. मामा घर विकणार. मामांना डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. माझा तर्क साधा होता, की हे 'लई लई उपकार' म्हणजे साखरेत घोळलेली तक्रारच. मला रागच आला. मी पहाटे मोटर लावणं बंद केलं आणि शाळेत शिकवून आल्यावर दुपारी लावू लागले. बघू या, आता कशाचे उपकार मानतात.

 आता पहाटे मामांच्या चपला भिंतीपलीकडे येरझाऱ्या घालताना ऐकू यायच्या. एकदा खिडकीतून डोकावले, तर ते चक्क भिंतीला कान लावून उभे होते. माझा संशय पक्का झाला.

ईस्टर तोंडावर आला असताना एका पहाटे कडी वाजली. दारात मामा.

"सलाम बाई. बऱ्या हाय ना?"

"बरी आहे की. का हो?"

"ही तक्रार न्हाई बरं का. नुसतं इचारतो. मोटर वाजंना."

"तुम्हाला त्रासच होता ना तिचा?"

मामा पायरीकडे बघत राहिले. "मार्था गेल्यापासनं त्या आवाजानंच उठतो मी. वाटतं, पलीकडं कुनीतरी उठलंय. मंग मीबी उठतो, च्या ठिवतो. आता नुसता पडून ऱ्हातो, आन् बाईंना काय झालं का काय, ह्याचा घोर. इचारलं तर तक्रार व्हईल म्हनून इतकं दिस दम धरला."

 ते लई लई उपकार खरेच उपकार होते, आणि मी संशयापायी मोटरच बंद करून बसले होते. फार वाईट वाटलं. मी आत जाऊन बटण दाबलं. टाकी आदल्या दुपारीच भरलेली, त्यामुळे लगेच पाणी वाहायला लागलं, ते थेट मामांच्या अंगणात दोरीवरच्या चादरीवर. मामांनी चादरीकडे पाहिलं. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग दाराच्या चौकटीला हात टेकून त्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय बापा, तुला समदं ठावं हाय. पानी वाया चाललंय, चादर भिजली. ही तक्रार न्हाई. बाईंना सांग, थोडा येळ चालूच ऱ्हाऊ द्या म्हनावं."

एरवी मी एक डोळा उघडा ठेवते. त्या पहाटे दोन्ही मिटले आणि मोटरीच्या आवाजातही त्यांना ऐकू जाईल असं आमेन म्हणाले.