चार दिवस पाणी येणार नाही

हर्षाली आहेरने एंटर दाबलं, समाधानाने चहाचा कप उचलला, आणि तो ओठाला लागायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. पाठोपाठ स्वयंपाकघरात आईचा वाजला. मग भिंतीपलीकडे नवसाबाईंचा, खाली पार्किंगमध्ये आणखी कोणाचा तरी, आणि मग अख्ख्या जंक्शन अपार्टमेंटमध्ये मजल्यामागून मजला फोन वाजत गेले. हर्षालीने स्क्रीनकडे पाहिलं. ‘उद्यापासून चार दिवस पाणी येणार नाही. – सचिव.’

चहा तसाच राहिला.

सूचना खोटी होती. सोसायटीच्या नव्या वेबसाइटवर सूचना टाकली की सगळ्या सभासदांच्या फोनवर जाते का, हे तपासायला हर्षालीनेच ती लिहिली होती. तपासायचं तर ‘सुप्रभात’ लिहूनही तपासता आलं असतं. पण पोरगी मनमाडची. सूचना म्हटलं की हाताला पहिलं तेच सुचलं.

अशी सूचना चाचणीच्या ब्रांचवर, म्हणजे साइटच्या सरावाच्या प्रतीवर, लिहायची असते. तिथे कितीही धिंगाणा घाला, बाहेर कोणाला कळत नाही. मेन ब्रांचवर मात्र काही पुश केलं, म्हणजे वर ढकललं, की दूरवर कुठेतरी बसलेला सर्व्हर ते निमूटपणे उचलतो आणि जगाला दाखवतो. सकाळी पप्पांनी ‘सचिव’ हा शब्द थोडा ठळक करायला सांगितला होता, म्हणून हर्षाली मेनवर गेली होती. शब्द ठळक झाला. परत यायचं राहून गेलं.

आता जंक्शन अपार्टमेंट म्हणजे काय, ते सांगायला हवं. पाथर्डी फाट्याजवळची ही चार मजली इमारत मनमाडच्या निवृत्त रेल्वेवाल्यांनी मिळून बांधली. नाशकात यायचं कारण एकच, पाणी. मनमाडला नळाची वाट बघण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना इथे रोज सकाळी हौदात पाणी पडताना ऐकून पहिले काही महिने झोपच लागली नव्हती. तरीही एकानेही आपलं पिंप भंगारात दिलं नव्हतं. प्रत्येक बाल्कनीत एक निळं पिंप पालथं घातलेलं, वर तुळशीची कुंडी. कुंडी उचलायला वेळ लागत नाही.

आणि सायंकाळी सहाला सर्वसाधारण सभा होती. सभेत वेबसाइटचा शुभारंभ व्हायचा होता. हर्षालीचे वडील सुनीलराव सोसायटीचे सचिव. मागच्या सभेत लखनकाकांनी, म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या आणि गेटवरचा सूचनांचा फळा स्वहस्ते लिहिणाऱ्या लखन वाघांनी, “फळा कधी खोटं बोलत नाही, यंत्राचा काय भरवसा?” असं विचारलं होतं. सुनीलराव चिडले आणि भर सभेत बोलून बसले, “माझ्या पोरीची साइट एकदा जरी खोटं बोलली, तर सचिवपद सोडीन!” हर्षालीने नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय मांडला होता आणि हे तिचं पहिलंच काम होतं. पप्पांची खुर्ची आणि तिची पाटी एकाच खिळ्याला टांगलेली होती.

फोन वाजला. पप्पा पेढे आणायला गेले होते.

“हर्षाली, ही सूचना मी कधी दिली गं?”

“पप्पा, टेस्टची होती ती. चुकून मेनवर गेली.”

सुनीलराव मनमाडला पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर जाणार ते ठरवणारे सांधे बदलण्यात त्यांची हयात गेली होती. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नसलं, तरी ब्रांच म्हटल्यावर जेवढं कळायला हवं तेवढं नेमकं कळलं होतं.

“मेन लाईनवर शंटिंग करतं का कोणी?”

“नाही, पप्पा.”

“सहाच्या आत लाईन मोकळी कर. मी येतोय.”

हर्षालीने हात चालवायला सुरुवात केली. चुकीची सूचना काढली, ‘आधीची सूचना चुकून गेली. पाणी नियमित येईल.’ अशी नवी लिहिली. तेवढ्यात आई दारात आली. हातात बादली, पदर खोचलेला, डोळ्यांत जुनं मनमाड.

“पिंप धुवून घेऊ का गं?”

“आई, काही भरू नकोस! सूचना खोटी आहे. मीच पाठवलीय.”

“नक्की ना?”

“अगं, मला नाही माहीत तर कोणाला?”

आईने बादली खाली ठेवली. सविताबाईंचा आपल्या लेकीवर विश्वास होता, आणि ही गोष्ट पुढे घरात बरीच वर्षं निघणार होती.

हर्षालीने पुश केलं. नाकारलं गेलं. तिचा व्यवसायातला जोडीदार रोहित मुंबईला निघाला होता. त्याची गाडी इगतपुरीला थांबली, त्याला रेंज मिळाली आणि त्या कर्तव्यदक्ष मुलाने ‘आज सहा वाजता सभा’ ही सूचना मेनवर चढवून टाकली; इमारतीत फोन पुन्हा वाजले ते त्याचेच. आता आधी त्याचं उतरवून घ्या, मग आपलं चढवा. तिने उतरवून घेतलं, तर दोघांनी एकाच ओळीवर लिहिलेलं. कोणाचं ठेवायचं ते तुम्हीच ठरवा, असं म्हणून गिट, म्हणजे या ब्रांच सांभाळणारं सॉफ्टवेअर, हात झटकून मोकळं झालं. तिने रोहितला फोन लावला.

“रोहित, ऐक, आता काहीही पुश करू नकोस!”

“काय? पुश करू? अगं, बोगदा आला...” आणि रोहित घाटात गडप झाला.

दरम्यान इमारतीत जे व्हायचं ते सुरू झालं होतं. कुंड्या उतरल्या होत्या, पिंपं उताणी झाली होती. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी धो धो नळ वाजत होते. पिंपं भरल्यावर घागरी, घागरी भरल्यावर पातेली, पातेली भरल्यावर कुकर. दुसऱ्या मजल्यावर कोणी तरी नव्या कूलरमध्ये पिण्याचं पाणी भरत असल्याची खबर आईने आणली. गच्चीवरची टाकी झरझर उतरत होती आणि तिला पुरं पडावं म्हणून खालचा पंप न थांबता घोंघावत होता.

हर्षालीने गॅलरीतून वाकून पाहिलं. गेटवर लखनकाका खडू घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर घोर अपमान होता. एवढी मोठी बातमी, आणि फळ्याच्या आधी फोनवर! त्यांनी ओल्या फडक्याने फळा लख्ख पुसला आणि ठसठशीत अक्षरात लिहायला घेतलं. ‘चार दिवस पाणी’पर्यंत आले होते.

“लखनकाका, नका लिहू! ती सूचना खरी नाहीये!”

“फळ्यावर यायच्या आत खोटी कशी ठरेल? लिहू तर दे!” असं म्हणून त्यांनी ‘येणार नाही’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

हर्षाली परत लॅपटॉपकडे धावली. रोहितची ओळ ठेवली, आपली ठेवली, सगळं जुळवलं, बोट एंटरवर नेलं, आणि खाली पंपाच्या खोलीतून खर्रर्र असा आवाज आला. पंखा मंदावत थांबला. वायफायचा हिरवा दिवा गेला. सगळ्या इमारतीची वीज गेली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

घरात मोबाइलला रेंज कधीच नसायची, फोनसुद्धा वायफायवरच चालायचे. रेंज फक्त गच्चीवर, नाही तर खाली पार्किंगमध्ये, आणि तिथे आता सगळ्यांना तोंड द्यावं लागलं असतं. लिफ्ट बंद. ती लॅपटॉप छातीशी धरून जिने चढत गेली. गच्चीचं दार उघडलं तर टाकीला पाठ लावून, मांडीवर वेताची छडी घेऊन नवसाबाई बसलेल्या.

“कोणाय? इथून पाणी कोणाला काढून देणार नाय मी. नळातून येईल तेवढंच घ्यायचं.”

“मी आहे, काकू. हर्षाली. पाणी नको मला, रेंज पाहिजे.” ती टाकीच्या सावलीत बसली आणि फोनवरून लॅपटॉपला नेट जोडू लागली. “आणि काकू, ती सूचना खोटी आहे. उद्या पाणी येणारे. खरंच.”

नवसाबाईंनी तिच्याकडे मायेने पाहिलं. “पोरी, एक सांगू? पाणी येणार म्हणले तर कधी विश्वास ठेवू नाय. येणार नाय म्हणले तर ठेवावा. मनमाडला पस्तीस वर्षं काढली मी, एकदाबी चुकलं नाय हे.”

“पण सूचना मीच लिहिली होती ना!”

“तुला वरून सांगितलं असंल असं बोलायला. लोकं लय गर्दी करतात म्हणून.”

हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. सोसायटीत तेवढंच एक भरायचं राहिलं होतं. फोनवर रेंजची एक काडी उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्याचे आवाज येऊ लागले. पप्पांचा चढा, खोटा उत्साही आवाज ऐकू आला, “या, या, बसा!” तिने एंटर दाबलं.

गेलं. सर्व्हरने उचललं. नवसाबाईंचा फोन वाजला, मग खाली पार्किंगमध्ये एकदमच सगळ्यांचे. त्याच वेळी तिच्या पाठीमागे टाकीने एक लांबलचक गुरगुर केली आणि ती गप्प झाली.

हर्षाली धापा टाकत खाली पोचली तेव्हा सभा उभी होती. कोणीच बसलं नव्हतं. सुनीलराव टेबलामागे पेढ्यांच्या खोक्यावर हात ठेवून होते, आणि समोर लखनकाका फोन हातभर लांब धरून मोठ्याने वाचत होते.

“‘आधीची सूचना चुकून गेली. पाणी नियमित येईल.’ सुनीलराव, याचा अर्थ काय? एक तर पहिली सूचना खोटी, नाही तर दुसरी. कोणती ते सांगा, आणि मागच्या सभेतला आपला शब्द आठवा.”

सुनीलरावांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली. त्यांनी घसा खाकरला, खिशातून सचिवाचा शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला. “मंडळी, मी दिलेला शब्द...”

“सचिव कोणे?” पंपाच्या खोलीतून हात पुसत दत्तू मेकॅनिक बाहेर आला. वीज गेल्यावर वॉचमनने त्याला बोलावून घेतलं होतं. “खालचा हौद कोरडा झाला, मोटर तशीच फिरत राहिली, कॉइल जळाली. तिनेच मेन स्विच उडवला. लाईट देतो मी आता, पण मोटर खोलून न्यावी लागंल. रिवाइंडिंगचं काम हाय.”

“मग पाणी?” कोणी तरी विचारलं.

“पंपाशिवाय वर कसं चढंल? नळाला नाय येणार.”

“किती दिवस?” सुनीलरावांनी विचारलं.

दत्तूने बोटांवर काही तरी मोजलं. “उद्यापासून धरा चार दिवस.”

मग सगळ्यांनी आधी गेटवरच्या फळ्याकडे पाहिलं, नंतर फोनमध्ये पाहिलं, आणि शेवटी हर्षालीकडे. लखनकाका हळूच पुढे आले.

“सुनीलराव, शिक्का आत ठेवा. मोटर जळायच्या आधी सूचना आली. फळ्याला हे जमलं नसतं, मी मान्य करतो.”

“नाही काका!” हर्षाली कळवळून म्हणाली. “ती टेस्ट होती! माझी चूक झाली. तुम्ही सगळ्यांनी एकदम पाणी भरलं म्हणून हौद संपला, म्हणून मोटर...”

“ऐका!” लखनकाका कौतुकाने सभेकडे वळले. “एवढं करून पोरगी श्रेय घ्यायला तयार नाही. आमच्या वेळी असे असिस्टंट असते तर!” टाळ्या झाल्या. पप्पांसाठी आणलेला हार हर्षालीच्या गळ्यात पडला. “फक्त ती दुसरी सूचना तेवढी काढ बाई. ती फळ्यावर नाही, म्हणजे खोटीच आहे. लोकांची दिशाभूल नको.”

वीज आल्यावर ती वर गेली आणि हार गळ्यात तसाच ठेवून लॅपटॉपसमोर बसली. सुनीलराव मागे उभे राहिले.

“कुठल्या लाईनवर आहेस?”

“मेन.”

“परत बघ.”

“बघितलं, पप्पा. मेनच.”

“मग सोड गाडी.”

तिने दुसरी सूचना काढली, पहिली परत चढवली. सगळ्या इमारतीत फोन वाजले, आणि घराघरांतून समाधानाचे सुस्कारे ऐकू आले. सुनीलरावांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच दिवसभरात खुर्चीवर टेकले. “सविता,” त्यांनी हाक मारली, “चहा टाक गं, घोटभर.”

थोड्या वेळाने सविताबाई दारात आल्या. हातात तीच बादली होती. त्यांनी ती उलटी करून दाखवली. एक थेंब पडला.

“अख्ख्या सोसायटीने भरलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कुकरमध्ये भरलं, कूलरमध्ये भरलं. मी पिंप धुवायला निघाले होते.”

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. सुनीलरावांनी नजर फॅनकडे वळवली. हर्षालीने मुकाट्याने हार उतरवला, स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी कळशी घेतली आणि शेजारचं दार वाजवलं.

दार उघडलं. आत पिंप, टब, घागरी, डबे काठोकाठ भरलेले. पाय ठेवायला जागा नव्हती. नवसाबाईंनी एकदा कळशीकडे पाहिलं, एकदा हर्षालीच्या तोंडाकडे, आणि कमरेवर हात ठेवला.

“का गं बाई? सूचना आली होती ना? वाचली नाय का?”