जबाब आल्यावर जेवण

आमच्या शेजारचे इस्माईलभाई बेडकाने जबाब दिल्याशिवाय जेवत नाहीत.

जेद्दामध्ये, अझीझियात, त्यांची खोली आमच्याच मजल्यावर. गाव रत्नागिरीकडचं, नोकरी एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात. दक्षिणेकडच्या जिझानहून आणलेल्या केळीच्या रोपातून नखाएवढा हिरवा बेडूक आला आणि बाल्कनीतल्या ड्रममध्ये, एसीच्या ठिबकत्या पाण्याखाली राहिला. माझा भाचा प्राणिशास्त्र शिकवतो. फोटो पाहून म्हणाला, "आफ्रिकेकडच्या लव्हाळ्यात राहणाऱ्यांपैकी दिसतोय. त्यातल्या कित्येकांची कुणाला फारशी माहिती नाही."

संध्याकाळी इस्माईलभाई जीभ टाळूला लावून 'टक्' करत. ड्रममधून 'टिक्' येई. "आला जबाब!" म्हणत ते ताटावर बसत.

माझ्या एसीचं पाणी त्यांच्या दुप्पट पडतं. बादली लावून मोजलंय. मी टब ठेवला, केळ लावली. बेडूक फिरकला नाही. उलट माझी दहा वर्षांची सई तिकडे पळायची. मी मराठीत विचारलं की "लेटर, बाबा," आणि त्यांना मात्र, "चाचा, आज जबाब आला काय?" अगदी कोकणी हेल काढून!

एकदा न राहवून मी म्हणालो, "तो तुम्हाला नाही, मादीला हाक मारतोय."

"अवो भाऊ, ठाव हाय. ती येईस्तवर मी बोलतो."

मग कफीलने, म्हणजे त्यांच्या अरब मालकाने, उत्तरेला तबूकला दुकान काढलं आणि इस्माईलभाईंना तिकडे पाठवलं. "तिकडं थंडी लय. पाव्हण्याला सोसायची नाय," म्हणत त्यांनी ड्रम माझ्या बाल्कनीत आणून ठेवला. मला झालेला आनंद मी लपवला.

बेडूक मुका झाला. मी रोज 'टक्' करून पाहिलं. बायकोने विचारलं, "दातात काही अडकलंय का?"

आठवड्याने तबूकहून फोन आला. "भाऊ, स्पीकर लावा. ड्रमापाशी धरा." फोनमधून 'टक्' आलं. आणि त्या हरामखोराने लगेच 'टिक्' केलं.

"आला जबाब," इस्माईलभाई म्हणाले. आवाज जरा थकल्यासारखा वाटला.

"आठवडाभर जेवला नाहीत की काय?" मी चिडून विचारलं.

"जेवलो हो. कधी दुपारचं रात्री, कधी नायच. माझी घरवाली सलमा होती तंवर याच टायमाला गावाला फोन लावायचो. ती म्हणायची, जेवा आता. ती गेली, तवापासून भूक लागली तरी कळत नाय."

सईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"चाचा," ती म्हणाली, "जेवा आता."

मीही अजून जेवलो नव्हतो. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.